वणवा आमच्या राबातून गेला

माझे वडील महाडला मराठी शाळेत मास्तर होते. मूळचे ते पोलादपूरच्या वरच्या डोंगरातले. शिकले, नोकरीला लागले आणि महाडात बिऱ्हाड केलं. मला त्यांनी चौथीपर्यंत शिकवलं आणि मग, आपल्या माणसांशी सोयरीक तुटू नये म्हणून, पुन्हा डोंगरातच दिलं. माझं सासर पोलादपूरहून तीन तासांच्या चढावर. वीस-बावीस घरांची वाडी, उतारावर नाचणी-वरी आणि ओढ्याकाठी थोडी भातखाचरं. नवरा मुंबईला गिरणीत होता. तोच काय, वाडीतला धडधाकट असा जवळजवळ प्रत्येक बाप्या मुंबईला होता. शिमग्याला आणि गणपतीला ते येत, ट्रंकेतून साबणाच्या वड्या आणत, आठ दिवस ‘पाळी’ आणि ‘खाडा’ असलं काहीबाही बोलत आणि परत जात. मागे आम्ही बायका, म्हातारे, पोरं आणि गुरं.

लिहिता-वाचता येणारी वाडीत मी एकटी. मुंबईची कार्डं मीच वाचायची आणि उत्तरंही मीच लिहायची. बायकांना त्याचं कौतुक होतं, सासऱ्यांना नव्हतं. त्यांना मी मामंजी म्हणे. बोलायला कमी, कामाला बैलासारखे, आणि एकदा मनात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत.

वाडीच्या वर, सरकारी जंगलाच्या कडेला, कातकऱ्यांची आठ-नऊ खोपटी होती. ते कंत्राटदारासाठी कोळसा पाडत. कधी मध, कधी खेकडे घेऊन खाली येत आणि त्याच्या बदल्यात नाचणी किंवा मीठ नेत. अंगणाच्या बाहेर उभं राहायचं, देवघेव तिथूनच. वाडीत कोंबडं हरवलं की पहिलं नाव त्यांचं. मी चार बुकं शिकले होते म्हणून काही निराळी नव्हते. मीही सूप बांधावर ठेवून मागे सरत असे.

ही गोष्ट घडली ते वर्ष मला आठवतं ते असं, की गिरण्यांचा मोठा संप मिटून आमची माणसं पुन्हा कामावर लागली होती आणि धाकटा मुलगा अंगावर पीत होता. शिमगा होऊन पंधरा दिवस झाले होते. राब भाजायचे दिवस. भाताचं रोप जिथे करायचं त्या जागेवर शेण, पाला, फांद्या पसरून पेटवायच्या, म्हणजे जमीन भाजून निघते. त्याला राब म्हणतात. हे काम सकाळी, वारा पडलेला असताना करायचं. पण त्या दिवशी आमचा एक बैल रानात भटकला आणि त्याला हुडकण्यात मामंजींची सकाळ गेली. शेजारचे म्हातारबा म्हणाले, “आज ऱ्हाऊ दे. उद्या भाज.”

मामंजींनी तरीही भर दुपारी राब पेटवला. आग जागेवर बसलीशी वाटली तेव्हा मला म्हणाले, “सूनबाय, इथं बस. मी भाकर खाऊन येतो.” मी ओली फांदी हातात घेऊन बांधावर बसले.

घर पन्नास पावलांवर. धाकटा रडायला लागला. थोडा वेळ ऐकलं, मग उठले. त्याला पाजून बाहेर आले तेव्हा बांधावरचं वाळलं गवत पेटलं होतं आणि आग उताराने वर पळत होती. पुढे ही हकीकत मी जिथे जिथे सांगितली तिथे बायकांनी म्हटलं, लेकरू रडत होतं, तुझा काय दोष. पण राखण माझ्याकडे होती. मी उठले. त्यात दुसरं काही नाही.

आग सरकारी जंगलात शिरली तेव्हा आम्हाला, खोटं कशाला बोलू, जरा हायसंच वाटलं. वाडीपासून लांब जाते आहे ना, मग जाऊ दे. पण उन्हं कलायला लागली तसा वारा फिरला, आणि आग ओढ्याच्या पलीकडून, वाडीच्या पाठच्या उतारावरून खाली यायला लागली. आमची घरं गवताने शाकारलेली. प्रत्येकाच्या दाराशी पेंढ्याची उडवी. आम्ही हंडे घेऊन झऱ्यावर धावलो, तर उन्हाळ्यातला झरा. एक हंडा भरायला गाणं म्हणून संपेल इतका वेळ. म्हाताऱ्यांनी गुरं सोडली. कुणी देव्हाऱ्यातले टाक काढून पदरात बांधले. कातकऱ्यांना बोलवावं हे एकाच्याही मनात आलं नाही.

ते आपले आपण आले. वरच्या पायवाटेने, बाया-बाप्ये मिळून पंधरा-सोळा जण, हातात कोयते. पुढे त्यांचा नाईक, वाळक्या अंगाचा, पन्नाशीतला माणूस, आणि त्याच्या मागे त्याची बायको. तिला सगळे नाईकीण म्हणत. नाईक धावत नव्हता. त्याने धूर पाहिला, मूठभर माती वाऱ्यावर सोडून पाहिली आणि आमच्याकडे वळला.

“हंडे ठेवा. पाण्यानं हा इझायचा नाय. डहाळं तोडा, ओलं. उंबराचं घ्या.”

आम्ही तोडले आणि धोपटायला लागलो. तो म्हणाला, “आपटू नका. आपटलं तर ठिणगी उडते. दाबा. लेकराला थोपटता तसं.”

बायकांना तेवढ्याने कळलं. आम्ही ओळ धरून एका अंगाची आग दाबत चाललो. आमच्यातल्या मध्ये कातकरणी, कातकरणींच्या मध्ये आम्ही. कुणाचा पदर कुणाला लागतो हे पाहायला कुणाला सवड नव्हती. पण पाठीमागच्या उतारावर आग पुरुषभर उंच होती. तिच्या जवळ जाता येत नव्हतं. तिथे नाईकाने आपल्या माणसांना लावून वाडीच्या वरच्या बाजूला एक पट्टा कोयत्यांनी साफ करून घेतला. मग वाळल्या गवताची चूड वळली, पेटवली, आणि त्या पट्ट्याच्या पलीकडचं गवत स्वतःच्या हाताने पेटवत चालला.

गावचे पाटील आमच्याच वाडीतले. ते काठी घेऊन पुढे झाले. “अरे, वाचवायला आलास का जाळायला?”

नाईक थांबला नाही. चालता चालता म्हणाला, “पाटील, त्याला खायला काय ठेवायचं नाय. आधी मी खातो. मंग तो उपाशी मरतो.”

तसंच झालं. त्याने लावलेली आग वर चढली, वणवा खाली आला, दोन्ही एकमेकांना भिडले, एकदा मोठा भडका झाला आणि मग जळायला काही उरलंच नाही.

आमच्या गोठ्याच्या बाजूला मात्र एक फाटा निसटला होता. मी आणि नाईकीण तिथे होतो. मी पुढे व्हायला लागले तर तिने मला कोपराने मागे ढकललं. “तू लेकुरवाळी. मागं हो.” डहाळं जळून गेलं तेव्हा ती अनवाणी पायांनी निखारे तुडवत राहिली, शेवटचा विझेपर्यंत. मग बांधावर बसली आणि म्हणाली, “पाणी दे गो.”

मी तांब्या आणला. तिने ओंजळ धरली. माझा हात आपोआप वर गेला आणि मी वरून धार धरली, तिच्या हाताला तांब्या लागू नये अशी. घर तिने वाचवलं होतं, पावलांची साल निघाली होती, आणि मी वरून धार धरली. ती प्यायली, तोंड पुसलं आणि नवऱ्याच्या आधाराने उठली. दिवस मावळायच्या आत सगळे वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी देवीला नारळ फुटला. पाटील म्हणाले, देवीने राखलं. वर कुणी गेलं नाही. मीही नाही.

तिसऱ्या दिवशी जंगलाचा गार्ड आला. माणूस काही वाईट नव्हता, पण जंगल जळलं होतं आणि त्याला वर जाब द्यायचा होता. शिवाय त्याने त्या संध्याकाळी समोरच्या कड्यावरून पाहिलं होतं: एक कातकरी हातात पेटती चूड घेऊन गवत लावत चाललेला. त्याने पाटलांना विचारलं. पाटील आणि दोन-तीन म्हातारे आमच्या ओटीवर बसले होते. मामंजी खांबाला टेकून. मी दाराआड.

पाटील म्हणाले, “तुम्ही बघितलंत ना डोळ्यांनी? मंग आम्हाला काय विचारता?”

गार्ड वर गेला. नाईकाला विचारलं, आग तू लावलीस? तो म्हणाला, लावली. पुढचं काय सांगत होता ते गार्डाने ऐकलं नाही. त्याला घेऊन तो पोलादपूरकडे उतरला, तिथून महाडच्या कचेरीत न्यायला. आमच्या अंगणाखालून गेले. नाईकाने आमच्याकडे पाहिलं. मला वाटतं, आमच्यापैकी कुणीतरी बोलेल याची तो वाट पाहत होता.

मी मामंजींपुढे जेवण वाढलं आणि म्हटलं, “मामंजी, राब आपला होता.”

“ठाऊक हाय.”

“मग सांगायला नको?”

ते घास चावत राहिले. मग म्हणाले, “जंगलात गुरं सोडायला बंदी झाली तर बैलं खातील काय? मला कच्च्या कैदेत नेला तर पेरणी कोण करंल? त्यांचं काय, आज हितं, उद्या तिथं. तू गप बस. घर राखायचं असलं तर गप बस.”

“घर राखलं कुणी?” मी विचारलं.

सासऱ्यांना उलटून बोलण्याची माझी ती पहिली वेळ. ते ताटावरून उठून गेले.

माझ्याकडे वहीचा कागद होता आणि शाई होती. मी लिहायला बसले. मामलेदारसाहेबांच्या सेवेशी, असं वर लिहिलं. खाली लिहिलं की राब आमचा, राखणीला मी होते, मी उठून गेले, आग तिथून लागली. कातकरी न बोलावता आले. नाईकाने दुसरी आग लावली ती वाडी वाचवायला लावली आणि त्यामुळेच आम्ही जिवंत आहोत. मग कागद घेऊन घरोघर गेले. पुरुषांकडे नाही, बायकांकडे. वाचून दाखवलं. काहींनी दार लावून घेतलं. एकीने विचारलं, “ह्यात माझ्या धन्याचं नाव नाय ना?” नाही म्हटल्यावर तव्याची काजळी तेलात कालवली आणि अंगठा उठवला. अशा अकरा बायकांनी अंगठे उठवले. त्यांतली सर्वांत म्हातारी म्हणाली, “मुंबयला बाप्ये कर्जाच्या कागदावर उठवतात अंगठा. ह्यो बरा हाय.”

पाटलांना कळायला वेळ लागला नाही. ते अंगणात येऊन उभे राहिले. “हा कागद वाडी सोडून गेला तर तुमचं घर वाळीत. आग देणार नाय, पाणी देणार नाय, लावणीला माणूस देणार नाय.”

मी म्हटलं, “पाटीलबाबा, आग आमच्याकडे पुष्कळ झाली. पाण्याचं बघू.”

हे मी बोलले याचा मला अजून अभिमान वाटतो.

नाईकिणीला बरोबर न्यायचं मी ठरवलं होतं. वर गेले तर ती खोपटात पडून होती, पावलांना पाला बांधलेला. म्हणाली, “मला कशाला? त्याला आण.”

“साहेबाला तुझे पाय दाखवायचेत,” मी म्हटलं. “जंगल जाळणारा माणूस अनवाणी पायांनी आग विझवत नाही.”

तिने विचार केला. “चालता येत नाय.”

“आम्ही नेतो.”

बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. तीन बायका अंगठेवाल्यांतल्या आणि चौथी मी. दोघी पुढे, दोघी मागे. वाडीतून जाताना माणसं दारात येऊन पाहत होती. कुणब्यांच्या बायकांच्या खांद्यावर कातकरीण, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि आम्हीही केलं नव्हतं. मामंजी ओटीवर होते. धाकट्याला मी पाठीशी बांधलं होतं, थोरली मुलगी त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, “उतारावर पुढच्यांनी खांदा आखूड धरा. नायतर घसरंल.”

पोलादपूरहून बैलगाडी मिळाली. महाडला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने ओटीवर घोंगडी टाकली, आम्हा पाचही जणींना तिथेच एका पंगतीला वाढलं. वडिलांनी कागद वाचला. ते सरकारी शाळेतले मास्तर. सरकारी कामात मुलीने असं नाक खुपसलेलं त्यांना परवडणारं नव्हतं. तरी त्यांनी टाक उचलला, दोन ठिकाणी ऱ्हस्वाचा दीर्घ केला, आणि सकाळी पागोटं घालून आमच्याबरोबर कचेरीत आले.

मामलेदार वयस्कर होते. चष्म्यातून त्यांनी कागद वाचला आणि मला विचारलं, “हे कुणी लिहून दिलं?”

“मी लिहिलं.”

“म्हणजे आग तुमच्या घराकडून लागली हे तुम्ही कबूल करता?”

“झालं ते सांगते, साहेब.”

“त्याची शिक्षा होऊ शकते हे माहीत आहे?”

“आहे. पण ज्यांनी विझवली त्यांना ती होऊ नये.”

त्यांनी कोठडीतून नाईकाला आणवलं. “तू आग लावलीस?” नाईक म्हणाला, “लावली.” “का?” तेव्हा, त्या साऱ्या दिवसांत पहिल्यांदा, कुणीतरी त्याला का म्हणून विचारलं. त्याने सांगितलं. वारा कुठून होता, गवत किती होतं, पट्टा कुठे काढला, सगळं. हाताने टेबलावर रेघा ओढून दाखवल्या. मामलेदार मध्ये बोलले नाहीत. मग नाईकिणीला पाला सोडायला सांगितलं. पावलं पाहिली आणि मान दुसरीकडे वळवली. वडिलांना म्हणाले, “मास्तर, हिला आधी दवाखान्यात न्या.”

नाईक त्याच दिवशी सुटला. आमच्या घराला शिक्षा झाली ती अशी, की त्या साली सरकारी रानात गुरं सोडायला आणि लाकूडफाटा आणायला बंदी. मामंजींनी एक बैल विकला. मला त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही, पण पुढचे चार-पाच महिने माझ्याशी ते बोललेही नाहीत.

वाडीने आम्हाला वाळीत टाकलं. लावणीला पुरुष कुणी आलं नाही. अंगठेवाल्यांपैकी पाच जणी घरातल्यांची बोलणी ऐकून घेऊन आल्या. एकीने त्यापायी नवऱ्याच्या भावाचा मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. गणपतीला मुंबईकर आले तेव्हा देवळात बैठक बसली. माझ्या नवऱ्याला सांगण्यात आलं, बायकोने गावापुढे नारळ ठेवून माफी मागावी, म्हणजे घर परत घेऊ. त्याने मला विचारलं, “काय करायचं?”

मी देवळाच्या पायरीशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, “माफी मागते. पण आधी, ज्याचं ज्याचं घर त्या दिवशी वाचलं त्याने वर जाऊन नाईकाला नारळ द्यावा. शेवटचा माणूस खाली उतरला की मी ठेवते माझा.”

कुणी उठलं नाही. मीही ठेवला नाही. नवरा दोन दिवस घुश्शात होता, मग म्हणाला, “बरं केलंस.” वाळीत टाकणं आपोआप सुटलं, आणि कशामुळे म्हणाल तर टपालामुळे. मुंबईहून कार्डं येत होती आणि ती वाचायला दुसरं कुणी नव्हतं. आधी बायका परसदाराने आल्या. दिवाळीपर्यंत खुद्द पाटलांची सून आली, नवऱ्याचं कार्ड पदराखाली लपवून. मी वाचून दाखवलं.

वर मी एकटीच गेले होते, महाडहून परतल्यावर लगेच, पायलीभर तांदूळ घेऊन. नाईकीण दारात बसली होती. मी म्हटलं, “तुमचे उपकार फिटायचे नाहीत.”

तिने तांदळाकडे पाहिलं. “ठेव तांदूळ. पण एक सांग. पुढल्या टायमाला पेटलं तर हाक मारशील का? का धूर बघून आमीच यायचं?”

“मारीन.”

“मंग बस झालं,” ती म्हणाली, आणि मला बसायला पाट नव्हता म्हणून स्वतःच्या अंगाखालची चटई अर्धी सोडली. मी बसले. तिने मला करवंटीतून पाणी दिलं, हातात. मी प्यायले. त्या दिवशी वरून ओतलेल्या पाण्याबद्दल ती काही बोलली नाही. मीच सांगितलं. म्हणाली, “सगळ्याच ओततात.” माझी सुटका तिने केली नाही, आणि ते बरंच झालं.

पुढच्या वर्षी शिमगा होऊन मुंबईकर परत गेल्यावर खिंडीपलीकडे धूर दिसला. आमचा राब नव्हता, कुणाचा ते कळलंही नाही. मी बांधावर उभी राहून वरच्या बाजूला जोरात हाक दिली, “नाईक हो, या.” पाटील दोन हातांवर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या नातवाला म्हणाले, “उंबर तोड.” त्या दिवशी वाडीतले म्हातारेही ओळीत उभे राहिले. आग संपल्यावर नाईकाला पाटलांनी तंबाखू दिली, अंगणाच्या आत बोलावून नाही, पण दिली.

दोन वर्षांनी कंत्राटदाराने त्या लोकांना घाटापलीकडच्या रानात नेलं. खोपटांचे मेढे काही दिवस उभे होते, मग लोकांनी सरपणाला आणले. नाईक-नाईकीण पुढे कुठे गेले, जगले का मेले, मला कळलं नाही. मी विचारत असे. कोळसेवाला भेटला की विचारत असे.

आता वाडीतली पोरं तो वणवा आजोबांकडून ऐकतात. आजोबा सांगतात, कातकऱ्यांनी जंगल पेटवलं होतं आणि देवीने वाडी राखली. लग्नात, बारशात, जिथे हे माझ्या कानांवर पडतं तिथे मी बोलणाऱ्याला थांबवते. लोकांना ते आवडत नाही. सुना म्हणतात, आत्याबाई, आता कशाला? मी सांगते: आग आमच्या राबातून गेली, राखणीला मी होते, आणि विझवली ती कातकऱ्यांनी. ज्याला ऐकायचं नसेल त्याने उठून जावं. मी पुरतं सांगितल्याशिवाय बसत नाही.